थेट उडी की पायरी-पायरीनं?

खानापूरची भाची बेळगावात नोकरीला लागली. काउंटरवर कन्नड बोलायचं म्हटलं की हातपाय गार. विचारत होती, “मामा, एकदम भिडू की हळूहळू?”

वेळ बघितला तर थेट भिडणं परवडतं, एका दुपारी निकाल. पण छातीतली धडधड ओसरायच्या आत पळ काढलास, तर भीती उलट पक्की होते. पायऱ्यांना आठवडे लागतात: आधी भाजीवाल्या अक्काला ‘एष्टु?’ (किती?), मग कंडक्टर, शेवटी साहेब. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या पुस्तकात मांडलेली पद्धतही अशीच चढत्या क्रमाची, अंग सैल सोडायला शिकवून. कंटाळवाणी खरी, पण चढलेली पायरी सहसा टिकते.

उद्याच मुलाखत असेल तर उडी. झोप उडण्याइतकी धास्ती असेल तर पायऱ्या, सोबत समुपदेशक. तुझं म्हणशील तर पायऱ्याच. उद्या अक्काकडं जा.