गुडघ्यातला ‘पू’ काढून घेतला, १,९१,५०० रुपयांना

लिहायला लाज वाटतेय. ३४ वर्षं अकाउंट्समध्ये काढली, दुसऱ्यांच्या व्हाउचरमधली चार रुपयांची चूक पकडायचो, आणि स्वतःच्या घरात पलंगावर पडून १,९१,५०० रुपये देऊन बसलो. मुलाला अजून सांगितलेलं नाही.

उजवा गुडघा दोन वर्षं दुखतोय. एमआरआय झालाय, गादी झिजलीय. हाडाचे डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, कूर्चेला (म्हणजे त्या गादीला) रक्तपुरवठा नसतो, ती परत भरून येत नाही, वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा, अगदीच नाही भागलं तर पुढे सांधा बदलू. पण पुण्यातली पर्वती टेकडी चढणं सुटत नव्हतं. त्या दिवशी १०३ पायऱ्या उतरून (चढताना नाही, उतरतानाच जीव जातो) खाली उभा होतो तर एक चांगल्या घरातला दिसणारा माणूस म्हणाला, "काका, उजवा ना? माझ्या सासूबाईंचं सेम होतं, आता सिंहगड चढतात." डॉक्टरांचा नंबर दिला, माझा मागितलासुद्धा नाही, म्हणून तर विश्वास बसला.

दोन दिवसांनी ‘डॉक्टर’ आणि एक पोरगा घरी हजर. एमआरआयचं पाकीट पुढे केलं तर हातही लावला नाही. आत पू झालाय, त्याच्या थेंबाला ५,०००, आठ-दहाच निघतील म्हणाला. ब्लेडने बारीक चिरे पाडले, पितळी तुंबडी (तोंडाने ओढायची नळी) लावली आणि ओढायला लागला.

आता जिथे माझी अक्कल शेण खायला गेली ते सांगतो. हा माणूस आल्यापासून अखंड बोलत होता, त्याचे गुरू, राजस्थान, भस्म, काय काय. मग तोंड धुतो म्हणून बाथरूममध्ये गेला आणि आला तो एकदम मुका. पुढे सगळं बोलणं पोऱ्याचं, मोजणंही त्याचंच. हा फक्त ओढायचा आणि वाटीत पिवळं सोडायचा. अहो, तोंडात काहीतरी भरून आणलंय हे शेंबड्या पोराला कळलं असतं! मी मात्र वाटीकडे बघत बसलो, आणि माझ्या गुडघ्यात एवढी घाण होती या विचाराने उलट बरंच वाटत होतं.

मोजणी ३७ वर थांबली. १,८५,०००. घरातले ४०,००० रोख, ९५,००० यूपीआयने, आणि हिच्या भिशीचे ५०,०००. वर भस्माच्या पुडीचे ६,५००. पाय उघडा, जखम ओली, दोघं डोक्यावर उभे, अशा वेळी घासाघीस कोण करतं? आणि संध्याकाळी खरंच हलकं वाटलं हो. दिवसभर आडवा होतो, वाटणारच.

रात्री हिने चादरीवरचा पिवळा डाग साबणाने चोळला आणि तो लालभडक झाला. हळद! पुढचं काही ती बोलली नाही, तशीच ओली चादर माझ्यासमोर धरून उभी राहिली. मग ती धुऊन टाकली, आणि हीच दुसरी चूक, कारण चौकीत पहिला प्रश्न तोच, पुरावा काय? तुम्ही काहीही धुऊ नका, वाटीसुद्धा.

चौकीत म्हणे, "काका, पैसे तुम्हीच दिलेत ना?" मग यूपीआय आहे तर सायबरला जा. सायबरवाले म्हणतात घरी येऊन घेतलेत, चौकीचंच काम. भाच्याने (वकील आहे) भारतीय न्याय संहिता कलम ३१८ घालून अर्ज लिहून दिला, तो साहेबांनी वाचलाही नाही. बोगस डॉक्टरची तक्रार घेतात त्या ऑफिसात तर कहर, क्लिनिकचा पत्ता आणा मग बघू. अरे पत्ता असता तर मीच गेलो नसतो का काठी घेऊन? दुखऱ्या गुडघ्याने तीन जिने, सहा चकरा, हातात काय तर अर्जाची पोच, तिच्यावरचा शिक्काही अर्धा. एफआयआर नाही.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, मी दुसऱ्या दिवशी केला, तोवर खातं रिकामं. गुडघ्यात खरंच पू झाला तर ताप भरतो, पाय टेकवत नाही, थेट ॲडमिट करतात, असा माणूस पर्वती चढत नाही. डॉक्टर म्हणवतो त्याला रजिस्ट्रेशन नंबर विचारा, चिडला तर दार दाखवा. आणि थेंबावर बिल लावणारा माणूस तुंबडी तुम्हाला लावतो पण भरतो स्वतःची.

पायथ्याचा तो माणूस पंचेचाळिशीचा, गोरा, बारीक फ्रेमचा चष्मा, पायात पांढरे बूट, आणि लंगडणाऱ्याच्या मागे चार पावलं ठेवून चालतो. दिसला तर फोटो काढून ठेवा.