आयएफएससी बरोबर होता, पैसे गेलेच

1,86,500 रुपये. ऑक्टोबर 2024, शिलाईच्या चार मशिनींचे. सहा वर्षं ज्या इचलकरंजीच्या व्यापाऱ्याकडून माल घेतो, त्याच्या नावानं व्हॉट्सॲपवर बिल आलं. तोच लोगो, तोच जीएसटी नंबर, खाली नवं खातं. ‘जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे.’ पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

मी डोळे झाकून पैसे पाठवले नाहीत, हे आधी सांगतो. बिलावरचा आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, टाकला तर ॲपनं नाकारला. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ छापला होता. 11 अक्षरी कोड असतो: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. स्वतःच्या बिलावर स्वतःचाच कोड कोण चुकवेल? मी बिलावरच्या नंबरला फोन लावला. ‘शून्य टाका ना साहेब.’ टाकला. हिरवी खूण आली, खाली बँक आणि शाखा. शाखा परराज्यातली! ती ओळ मी वाचली आणि तरी पुढे गेलो. अजून रात्री तीच ओळ डोळ्यांपुढे येते.

हिरवी खूण म्हणजे खातं तपासलं गेलं, असं मी धरून चाललो. अशी शाखा आहे, एवढंच ती सांगते. खातं कुणाचं, हे कोडला माहीत नसतं. नावाच्या रकान्यात मी व्यापाऱ्याचंच नाव लिहिलं होतं, पण एनईएफटीत, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात पैसे पाठवताना, रक्कम खाते क्रमांकावर जमा होते, नाव जुळवत नाहीत. हे मला बँकेनं सांगितलं ते पैसे गेल्यावर!

खातं बदललं म्हणाले की आपल्याकडच्या जुन्या नंबरावर फोन करा, बिलावरच्या कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी खऱ्या व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा कळलं, बिल बनावट होतं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तुम्ही एक मिनिटही घालवू नका, पैसे पुढच्या खात्यांत पळतात. माझी बँक म्हणे, ‘ओटीपी तुम्हीच टाकलात.’ त्या शाखेत फोन केला तर ‘पोलिसांचं पत्र आणा.’ पोलीस ठाण्यात, ‘आधी शिक्क्याचं स्टेटमेंट आणा.’ स्टेटमेंट नेलं तर साहेब बंदोबस्ताला. पुढच्या खेपेला ‘खातं परराज्यातलं, वेळ लागेल.’ सात खेपा घातल्या, प्रत्येक वेळी कारखाना बंद ठेवून. गुन्हेगार मी आहे की काय?

एप्रिल 2025 पासून एनईएफटी किंवा आरटीजीएसनं (मोठ्या रकमांसाठीची तशीच सोय) पैसे पाठवताना खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय बँकांनी द्यायची, असं रिझर्व्ह बँकेनं ठरवलंय. नाव न बघता बटण दाबू नका. ही सोय मला हवी होती.

भामट्याच्या त्या खात्यात 11,340 रुपये गोठवलेत, तेही अजून सुटलेले नाहीत. मशिनी व्यापाऱ्यानं उधारीवर दिल्या. दरमहा 15,000 फेडतोय. आता पाठवण्याआधी त्याच्याशी बोलतो, दर वेळी.