पचमढीची एक सकाळ : बी फॉल की रजत प्रपात?

नागपूरहून सौंसर, छिंदवाडा, तामिया करत मध्य प्रदेशातील पचमढी हे थंड हवेचे ठिकाण गाठणाऱ्यांच्या हाताशी बहुधा दोनच दिवस असतात, आणि परवाना व भाड्याची जिप्सी यांचा मेळ घालता घालता बी फॉल आणि रजत प्रपात या दोन धबधब्यांपैकी एकालाच निवांत सकाळ देता येते. पचमढीजवळच्या डोंगरांतली नागद्वारीची खडतर यात्रा पायी केलेल्यांना या दोन्ही चढणी किरकोळ वाटतील, हे आधीच मान्य करतो.

बी फॉलची वाट पायऱ्यांनी खोल उतरते, धबधब्याखाली मनसोक्त भिजू देते आणि मग त्याच पायऱ्या भुकेल्या पोटी चढायला लावते. तेवढे मी आनंदाने सोसले असते. मला जाच झाला तो पिशव्यांचा. तेथील माकडे इतकी धीट आहेत की कोणीतरी एकाने सामानाची राखण करीत बसावेच लागते; सामान जिप्सीत ठेवावे म्हटले, तर त्या गाड्या बहुधा उघड्याच असतात. आमच्या घरात राखणीचा हा मान बिनविरोध माझ्याकडे येतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत संत्र्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरून मी तासभर दगडावर बसलो होतो. परतताना घरची मंडळी पाण्याने ओली होती आणि मी केवळ घामाने.

रजत प्रपाताकडे जाताना अप्सरा विहार या डोहाच्या पुढे दगडधोंड्यांतून थोडीशीच, पण दम काढणारी वाट आहे. येथे पाठीवरची पिशवी पाठीवरच राहते आणि सगळे जण एकाच वेळी एकाच गोष्टीकडे पाहतात : सुमारे ३५० फुटांवरून दरीत कोसळणारी ती बारीक धार. ऊन पडले की ती खरोखरच चांदीसारखी चमकते. पाण्याला हात मात्र लागत नाही, आणि मुलांची कुरकूर रास्तच असते. त्यांना वाटेत अप्सरा विहारच्या उथळ डोहाकाठी थोडा वेळ द्यावा. ऐन पावसाळ्यात धुके दाटले, तर कठड्याशी उभे राहूनही नुसता आवाजच ऐकू येतो आणि उन्हाळ्यात धार अगदीच रोडावते, एवढा दोष मी नाकारत नाही.

भिजण्यासाठीच घरून निघालेल्यांना कदाचित माझे म्हणणे पटणार नाही. आम्ही मात्र यंदा दसऱ्यानंतरची सकाळ रजत प्रपातासाठी राखून ठेवली आहे, आणि संत्री मोजून प्रत्येकाच्या पाठीवर वाटून दिली जाणार आहेत.