कायद्याचा बोर्ड की ‘व्हाली’?
व्हेल शार्क हा अवाढव्य मासा वाचवायला नुसता कायदा पुरतो का? २००१ मध्ये शिकारीवर बंदी आली, पण सौराष्ट्रात कित्येक मच्छीमारांना पत्ताच नाही, आणि बोर्ड वाचून अडकलेला मासा सोडवायला जाळं कोण कापतंय हो, हजारोंचं असतं ते! मग २००४ ला रामकथाकार मोरारीबापूंनी सांगितलं की ही ‘व्हाली’, म्हणजे लाडकी लेक, माहेरी आलीय. आधी तेलासाठी मारायचे, नावही ‘बॅरल’, पकडताना पिंपं बांधायचे म्हणून. पुढे वेरावळकडचे तेच लोक जाळं कापून तिला सोडायला लागले. कापलेल्या जाळ्याची भरपाईही मिळते, उगाच भावनेवर सगळं ढकलू नका. तरी निवडायचं तर मी व्हालीच घेईन, बोर्ड काय, पावसाळ्यात गंजतो.