‘भारताचे संविधान’ची शासकीय मराठी प्रत: अकरावी-बारावीला किती कामाची?

राज्यशास्त्र घेतलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांकडे पाठ्यपुस्तक असतं, एखाददुसरं गाइड असतं, क्लासच्या नोट्स असतात. हे सगळं ज्या दस्तऐवजाबद्दल लिहिलेलं असतं तो मात्र घरात नसतो. संविधानाची संपूर्ण मराठी प्रत घ्यावी, शासकीय पाठाचीच घ्यावी आणि पाठांतरासाठी न वापरता पडताळणीसाठी वापरावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र प्रत जुनी निघाली किंवा तळटिपा न वाचता वापरली, तर हीच प्रत चुकीची उत्तरं लिहायला लावते. म्हणून आधी खबरदारी सांगतो.

पहिली गोष्ट मुखपृष्ठावर दिसत नाही: प्रत कुठपर्यंत अद्ययावत आहे? पुनर्मुद्रणाचं वर्ष नवं आणि आतला मजकूर जुना, असं सर्रास आढळतं. चार जागा उघडून पाहा. अनुच्छेद १५ मध्ये खंड (६) नसेल, तर प्रत २०१९ च्या १०३ व्या दुरुस्तीच्या आधीची आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचं आरक्षण त्यात नाही. अनुच्छेद ३३४ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांची मुदत ‘ऐंशी वर्षे’ लिहिलेली नसेल, तर १०४ वी दुरुस्ती आलेली नाही. ३४२क मध्ये खंड (३) नसेल, तर २०२१ ची १०५ वी नाही. सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांची यादी करण्याचा राज्यांचा अधिकार याच दुरुस्तीने स्पष्ट झाला, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही आरक्षणाच्या चर्चेत तो लागतोच. ३३०क सापडत नसेल, तर लोकसभेतल्या महिला आरक्षणाची २०२३ ची १०६ वी दुरुस्ती नाही. शिवाय पहिल्या अनुसूचीत २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश मोजून घ्या. यातल्या एकाही ठिकाणी अडलात, तर ती प्रत अभ्यासाला घेऊ नका.

दुसरी अडचण क्रमांकांची. गाइडांमध्ये ‘२१-अ’, ‘५१-अ’, ‘२४३-के’ असं काहीही छापलेलं असतं. शासकीय मराठी पाठात नंतर घातलेले अनुच्छेद क, ख, ग या क्रमाने येतात: शिक्षणाचा हक्क २१क, मूलभूत कर्तव्यं ५१क, राज्य निवडणूक आयोग २४३ट. इंग्रजी अक्षरावरून मराठी अक्षर काढताना मुलं ‘ङ’ आणि ‘ञ’ वगळतात आणि पुढचं सगळं एक-दोन घरांनी सरकतं. अनुच्छेद १९(१) मधला व्यवसायाचा हक्क (छ) वर आहे, तो (च) वर शोधणाऱ्याला तिथे वगळल्याची खूण दिसते, कारण (च) म्हणजे मालमत्तेचा हक्क होता. तो ४४ व्या दुरुस्तीने काढला गेला आणि २० जून १९७९ पासून ३००क मध्ये गेला. म्हणूनच मूलभूत हक्कांच्या भाग तीनमध्ये अनुच्छेद ३१ नाही, पण ३१क, ३१ख, ३१ग आहेत. आणखी एक घोटाळा: बोलताना आपण ‘कलम ३७०’ म्हणतो, तळटिपेतलं ‘कलम २’ मात्र दुरुस्ती अधिनियमाचं कलम असतं, संविधानाचा अनुच्छेद नव्हे.

आणि या पुस्तकाचं खरं मोल तळटिपांतच आहे. त्या बारीक अक्षरात असतात, म्हणून मुलं त्यांच्याकडे पाहतही नाहीत. प्रत्येक टीप तीन गोष्टी सांगते: कोणत्या दुरुस्तीने, काय केलं (नवं घातलं, जुन्याऐवजी घातलं, की गाळलं), आणि कोणत्या तारखेपासून. तारीख आवर्जून वाचायची. २१क ही ८६ व्या दुरुस्तीची देणगी, दुरुस्ती २००२ ची, पण अंमल १ एप्रिल २०१० पासून, शिक्षण हक्क कायद्यासोबत. ‘६ ते १४ वयोगटाला मूलभूत हक्क कधीपासून मिळाला?’ या प्रश्नाला २००२ असं उत्तर लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. उद्देशिकेतले ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीचे, लागू ३ जानेवारी १९७७ पासून. मतदानाचं वय १८ करणारी ६१ वी दुरुस्ती १९८८ ची, अंमल २८ मार्च १९८९ पासून. ज्या स्वस्त प्रतींत जागा वाचवण्यासाठी तळटिपा गाळलेल्या असतात, त्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत.

तळटिपा न वाचण्याचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो छापलेल्या पण निष्प्रभ तरतुदींत. अनुच्छेद ३६८ चे खंड (४) आणि (५) वाचा. संविधान दुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकारावर कुठलीच मर्यादा नाही, असं तिथे लिहिलेलं आहे. मजकूर तेवढाच वाचणारा विद्यार्थी आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर लिहितो. हे खंड ४२ व्या दुरुस्तीने आले आणि १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरवले. संसदेने ते गाळले नाहीत, म्हणून छपाईत राहिले. न्यायाधीशांच्या नेमणुकीचा आयोग आणणारा १२४क तसाच आहे. तो घालणारी दुरुस्ती २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रद्दबातल झाली. अनुच्छेद ३३१ मध्ये अँग्लो-इंडियन सदस्यांच्या नामनिर्देशनाची तरतूद दिसते, पण ३३४ मधली तिची मुदत २५ जानेवारी २०२० ला संपली. आणि सहकारी संस्थांचा भाग नऊ-ख: साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्थांच्या या राज्यातल्या मुलांनी तो नीट पाहावा. ९७ व्या दुरुस्तीला निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमती घेतलेली नव्हती, म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भाग फक्त बहुराज्य सहकारी संस्थांपुरता ठेवला. राज्यातल्या राज्यात चालणाऱ्या संस्थेला तो लावून उत्तर लिहिलं तर ते चुकलंच. संघराज्य या प्रकरणाचा याहून जवळचा नमुना शोधून सापडणार नाही.

हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं नाही. आधी उद्देशिका, मग भाग तीन, १२ ते ३५. यात १२ आणि १३ ओलांडून पुढे जाऊ नका. ‘राज्य’ म्हणजे कोण आणि कोणता कायदा शून्यवत ठरतो, हे तिथेच ठरतं. मग ३७, त्यानंतर ३८ ते ५१. नंतर ७४, ७५, १२४, १३१ ते १४३, १६३, २००, मग २४३ ची मालिका, २४५ ते २५४, ३२४ ते ३२६, ३५२, ३५६, ३६० आणि शेवटी ३६८. उरलेलं गरजेप्रमाणे.

स्वातंत्र्य, समता, न्याय या संकल्पनांचे धडे मुलांना हवेतले वाटतात. अनुच्छेद १९ शेजारी ठेवून वाचले की त्यांना आकार येतो. (१)(क) मध्ये भाषण व अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे. त्यावर निर्बंध कशासाठी घालता येतात, हे खंड (२) मध्ये आहे आणि आधार आठच आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. आता खंड (६) पाहा. तिथे व्यवसायावर ‘सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी’ निर्बंध घालता येतात. हा आधार खंड (२) मध्ये नाही. उत्तरपत्रिकांत मात्र ‘भाषणस्वातंत्र्यावर जनहितासाठी बंधने घालता येतात’ हे वाक्य हमखास असतं. पुण्याच्या ‘सकाळ’चा खटला (सकाळ पेपर्स, १९६२) याच फरकावर उभा होता. वर्तमानपत्राने किती पानं कोणत्या किमतीला द्यावीत, हे सरकारने ठरवलं होतं. धंद्यावरचा निर्बंध म्हणून ते टिकेल, हा बचाव न्यायालयाने मानला नाही, कारण पानं आणि किंमत बांधली की वाचकांपर्यंत पोचणारा मजकूरच आखडतो. दोन खंड बोटाखाली धरून हा खटला समजावला, तर हक्क आणि निर्बंध यांचं नातं वेगळं शिकवावं लागत नाही. समतेसाठी असंच १४ शेजारी १५(३), १५(४) आणि १६(४) ठेवावेत.

केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या सातव्या अनुसूचीबद्दल गाइडांत आकड्यांचा गोंधळ असतो. संघ, राज्य आणि समवर्ती सूचीतल्या नोंदी एकात ९७-६६-४७, दुसऱ्यात १००-६१-५२. प्रत हातात असेल तर स्वतः मोजा. राज्यसूचीची शेवटची नोंद ६६ क्रमांकाची आहे, पण ११, १९, २०, २९, ३६, ५२ आणि ५५ या सात नोंदी गाळलेल्या आहेत, म्हणजे उरल्या ५९. समवर्ती सूचीचा शेवटचा क्रमांक ४७, त्यात ११क, १७क, १७ख, २०क आणि ३३क अशा पाच घातलेल्या, म्हणजे ५२. गाळलेल्यांतली ११ म्हणजे शिक्षण. ते ४२ व्या दुरुस्तीने समवर्ती सूचीच्या २५ व्या नोंदीत गेलं. वनं आणि वन्यप्राणी १७क, १७ख मध्ये गेले. ५२ आणि ५५ वस्तू व सेवा कराच्या १०१ व्या दुरुस्तीत गेल्या. राज्यांकडून केंद्राकडे अधिकार कसे सरकत गेले, ते या मोजणीत डोळ्यांनी दिसतं.

प्रतीत काय नाही, तेही सांगायला हवं. मूलभूत संरचना (संसदेलाही बदलता न येणारा संविधानाचा गाभा) हा शब्दप्रयोग शोधू नका, सापडणार नाही. तो २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालातून आला, १३ न्यायाधीशांपैकी ७ विरुद्ध ६ अशा मतांनी. खासगीपणाचा हक्क २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातला. आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातली. अनुच्छेद २१ तर एका वाक्याचा आहे, आणि १९७८ च्या मनेका गांधी निकालाशिवाय त्याचा आजचा अर्थ लागत नाही. म्हणून २१, ३२, ३६८ आणि १६ या चार ठिकाणी निकालाचं नाव आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ठेवावी. भाषाही जड आहे. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं, परंतुकांवर परंतुकं. अशा वेळी ‘परंतु’च्या आधी पेन्सिलीने रेघ मारून आधी मुख्य नियम वाचावा आणि अपवाद नंतर. शिकवण्या घेणाऱ्यांनी सोप्या भाषेतला सारांश द्यायला हरकत नाही, पण सारांश वाचून मूळ अनुच्छेद बंद ठेवण्याची सवय लावू नये.

छापील की पीडीएफ? केंद्राच्या विधी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संविधानाचा पाठ मोफत मिळतो, आणि ताज्या दुरुस्त्यांसाठी तिथला इंग्रजी पाठ जवळ ठेवणं सोयीचं आहे. मराठी पीडीएफ घेताना एखादा शब्द शोधून पाहा. फाइल स्कॅन केलेली असेल तर शोध चालत नाही, आणि मोबाइलवर चारशे-पाचशे पानं सरकवण्यात वेळ जातो. रोजच्या वापराला छापील बरी, पुठ्ठ्याच्या बांधणीची, कारण ३५२ आणि ३६८ च्या आसपासची पानं सैल बांधणीत लवकर सुटतात. दोन प्रतींत निवड करायची असेल तर शेवटची विषयसूची पाहा; विषयासमोर पान क्रमांकाऐवजी अनुच्छेद क्रमांक दिलेला असेल ती घ्या, म्हणजे पुढची आवृत्ती घेतली तरी तुमच्या वहीतले संदर्भ बदलावे लागणार नाहीत.