कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनवून घेतलेला ऑटोक्लेव्ह: सहा महिने वापरल्यावर लिहितेय

मी कॅटॅलिस्टवर (रासायनिक क्रिया घडवून आणायला मदत करणारा पदार्थ) पीएचडी करते, म्हणजे साखर कारखान्याच्या बॉयलरमधली बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख आणायची, त्यातली सिलिका कॉस्टिक सोड्यात विरघळवून काढायची, त्यापासून झेडएसएम-५ झिओलाइट (बारीक छिद्रांचा कॅटॅलिस्ट) बनवायचं आणि त्यावरून इथेनॉलची वाफ सोडून इथिलीन मिळतं का बघायचं. राख आणि इथेनॉल दोन्ही कोल्हापूरच्या आसपास मुबलक आहे म्हणून हा विषय घेतला. झिओलाइट बनतं ते टेफ्लॉनच्या डब्यात, तो डबा स्टीलच्या कवचात घट्ट बंद करायचा आणि १८० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ४८ तास ठेवायचा, याला ऑटोक्लेव्ह म्हणतात. १८० डिग्रीला आतल्या पाण्याच्या वाफेचा दाब साधारण १० बार होतो, त्यामुळे झाकण नीट नसलं तर काय होईल ते सांगायला नको.

पहिला मी ऑनलाइन मागवलेला, विक्रेत्याचं नाव घेत नाही. दिसायला चकचकीत. पण ५५० डिग्रीला भाजल्यावर पावडर पांढरीशुभ्र यायला पाहिजे ती पिवळट यायला लागली, आणि जीसीमध्ये (बाहेर पडणाऱ्या वायूत काय काय आहे ते दाखवणारं यंत्र) इथिलीन, ईथरसोबत ॲसिटाल्डिहाइडचा पीक दिसायचा. झिओलाइटच्या ॲसिड जागांवर इथेनॉलमधून पाणी निघून जातं, हायड्रोजन काढून ॲसिटाल्डिहाइड करणं हे त्यांचं काम नाही, मग हे येतंय कुठून? आधी राखेवर संशय, कारण राखेत लोखंड असतंच, म्हणून राख ॲसिडने दोनदा धुतली, तरी तेच. शेवटी राख बाजूला ठेवून विकतची शुद्ध सिलिका त्याच डब्यात घातली, पावडर पुन्हा पिवळट. तेव्हा कळलं की दोष भांड्याचा आहे. लायनर, म्हणजे आतला टेफ्लॉनचा डबा, बाहेर काढून बघितला तर बाहेरून तांबूस रेघ, खाली स्टीलमध्ये गंजाचं वर्तुळ. आतली अल्कली, म्हणजे कॉस्टिकचं पाणी, झाकणाखालून बाहेर झिरपत होती, स्टीलला लागत होती आणि थंड होताना परत आत ओढली जात होती. पावडर आयसीपीला (कुठला धातू किती आहे ते मोजणारी तपासणी) पाठवली, लोखंडच निघालं. पाच महिन्यांचा डेटा, आणि आम्ही तो झिओलाइटमधल्या ॲल्युमिनियमच्या जागांचं (त्याच त्या ॲसिड जागा) वेगळं वागणं म्हणून समजून घ्यायचा प्रयत्न करत होतो. मी त्या दिवशी खरंच रडले.

मैत्रिणीच्या वडिलांनी उद्यमनगरातलं एक लेथचं वर्कशॉप सांगितलं. राजारामपुरीतून खाली गाडी घातली, गल्लीत ऑइलचा वास, दोन लेथ, एक ड्रिल मशीन, बस्स. मी जुना ऑटोक्लेव्ह वर्कशॉपवाल्या मामांच्या हातात दिला, त्यांनी झाकण उघडून कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "आत काय शिजवतीस, आणि थंड कसं करतीस?" मी म्हटलं ओव्हन बंद करून रात्रभर आतच ठेवते. म्हणाले, "टेफ्लॉन तापलं की लई फुगतंय बाळ, स्टील तेवढं फुगत नाही. गरम असताना दाबून चपटं होतंय, गार झालं की बसतंय आणि तिथं फट पडतीय. तू कितीबी आवळ, उपयोग नाही."

सहा महिने पेपर वाचून मला जे सुचलं नव्हतं ते त्यांनी कडेला हात लावून सांगितलं!

मग त्यांनी केलं ते असं: कवच ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचं, लायनर सॉलिड टेफ्लॉनच्या रॉडमधून, भिंत जाड, लायनरची कड स्टीलच्या वर केसभर उचललेली, आणि झाकणाच्या आत जाड चकती, तिच्यावर दोन डिस्क स्प्रिंग, म्हणजे टेफ्लॉन बसलं तरी स्प्रिंग दाब धरून ठेवते. आटे बारीक ठेवले. तळाला छोटं भोक, लायनर अडकला तर खालून दांडीने ढकलायला. ५० मिलीचा आहे, रॉड मी आणून दिलेला, तो सोडून ४,२०० रुपये घेतले.

माझी टेस्ट अशी: ३५ मिली पाणी घालून (त्याहून जास्त कधीच भरू नका, पाणी तापल्यावर फुगतं आणि जागा राहिली नाही तर दाब वाफेचा राहत नाही, थेट पाण्याचा होतो) सगळा ऑटोक्लेव्ह वजन करून १८० ला १२ तास ठेवला, थंड झाल्यावर परत वजन. जुन्यात ४ ग्रॅम पाणी गेलेलं, यात ०.१ ग्रॅमसुद्धा नाही. मग झिओलाइट केलं. क्रुसिबल बाहेर काढलं तर पावडर पांढरी, अगदी खडूसारखी, ॲसिटाल्डिहाइडचा पीक जवळपास गायब. आत्तापर्यंत वीसएक बॅच झाल्या, एकसारख्या येतात.

उणीही सांगते. आठ दिवस म्हणाले आणि तीन आठवडे लागले, फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जावं लागतं. बाहेरून फिनिशिंग खडबडीत आहे, झाकणावर पकडीचे वळ आहेत. दाबाचं टेस्ट सर्टिफिकेट देत नाहीत, त्यामुळे मी १८० च्या वर कधी नेत नाही आणि तुम्हीही नेऊ नका, आणि कितीही घाई असली तरी गरम असताना उघडायचा नाही. पक्क्या बिलासाठी दोनदा सांगावं लागलं, ग्रँटमधून पैसे घेणाऱ्यांनी आधीच बोलून ठेवा.

जाताना ड्रॉइंग न्या, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आत काय घालणार, किती डिग्री, किती तास, अल्कली की ॲसिड हे सांगा, मामा ते नीट ऐकून घेतात आणि त्यावरून कड किती उचलायची ते ठरवतात. ॲसिडवाल्यांनी क्लोराइड असेल तर तेही सांगा, ३१६ लाही ते खातं.

आता १०० मिलीचा सांगितलाय, तळाचं भोक यावेळी थोडं मोठं ठेवायला सांगून आलेय.