बिनशॉकअपची लोखंडी एमटीबी घ्यावी का? मराठवाड्याच्या रस्त्यांपुरता हिशोब

वीस-पंचवीस हजारांत समोर शॉकअप, दोन्हीकडे डिस्क ब्रेक आणि एकवीस गिअरची अलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची, एमटीबी (डोंगरी सायकल) मिळते. मग सरळ चिमट्याची (पुढचं चाक धरतो तो चिमटा), बारीक नळ्यांची, जुन्या वळणाची लोखंडी सायकल का घ्यावी आणि वर तिच्यावर खर्च का करावा, हा प्रश्न रास्त आहे. सायकल मराठवाड्यातच चालवायची असेल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: रोजच्या आणि लांबच्या चालवण्याला लोखंडीच सरस. पण लोक जे कारण सांगतात ते मला पटत नाही. 'लोखंड धक्के पितं' हे अर्धंच खरं आहे. लोखंडी सायकल आपल्या गरजेप्रमाणे वर्षानुवर्षं बदलत नेता येते आणि तालुक्याच्या गावी दुरुस्त होते, हे माझ्या लेखी खरं कारण.

निवड तीन सायकलींमध्ये असते. पहिली वर सांगितलेली बाजारातली शॉकअपवाली. दुसरी नवी क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या लोखंडाची) सायकल, म्हणजे सर्ली ब्रिज क्लब, कोना युनिट, मरीन पाइन माउंटन या जातीची. हिला आपल्याकडे येईपर्यंत लाखाच्या आसपास किंवा वरच पैसे मोजावे लागतात. तिसरी म्हणजे वाड्यात किंवा गोठ्यात टेकून ठेवलेली जुनी हिरो रेंजर किंवा तसलीच एखादी, जिला नवं रूप देता येईल.

या जुन्या वळणाच्या सायकलींना 'रेट्रो' म्हणतात. ते वळण कुठलं ते थोडक्यात. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत पोरं जुन्या जड सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावायची. १९७७ मध्ये जो ब्रीझने खास त्यासाठी क्रोमोलीची फ्रेम बांधली, १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली. शॉकअप सायकलींवर सर्रास आले ते १९९० नंतर. त्याआधीच्या त्या दहाएक वर्षांचं वळण, म्हणजे बारीक नळ्या, बिनशॉकअपचा चिमटा, अंगठ्याने ओढायचे गिअर, हे सगळं आता पुन्हा बनतंय.

शॉकअप की जाड टायर

आपल्याकडची सायकल कुठून जाते ते आधी बघू. पाणंद रस्ता, मुरुमाची वाट, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेचा रस्ता, उखडलेली डांबरी सडक, मधूनच म्हैसमाळ किंवा येडशी-रामलिंगसारखा चढ. यातल्या कुठल्याच ठिकाणी दहा सेंटिमीटर दबणाऱ्या शॉकअपची खरी गरज नसते. तिथे लागते ती बारीक, सततची थरथर कमी करणारी गोष्ट, आणि ती म्हणजे टायर.

स्वस्त सायकलीवरच्या शॉकअपमध्ये एक स्प्रिंग आणि प्लॅस्टिकचे बुश असतात. दाबलेला शॉकअप किती वेगाने परत यावा यावर सहसा काही ताबा नसतो. मुरुमाची धूळ सीलमधून आत जाते, बुश झिजतात, मग चिमटा खडखडायला लागतो किंवा जाम होतो. सुटे भाग जवळपास मिळत नाहीत, त्यामुळे तो अख्खा बदलावा लागतो. शिवाय वजन अडीच किलोच्या घरात. साधा क्रोमोलीचा चिमटा सव्वा किलोच्या आसपास भरतो. म्हैसमाळच्या चढावर उभं राहून पेडल मारताना हा फरक मांड्यांना कळतो, कारण शॉकअप लॉक केलेला नसेल तर तुमची ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते.

आता टायर. ७० किलोच्या माणसाला २.२ इंची टायरमध्ये २५ ते ३० पीएसआय हवा पुरते. पंक्चरवाला मात्र सवयीने पन्नासपर्यंत मारून देतो, टायर दगडासारखा होतो, आणि माणूस म्हणतो 'शॉकअप नाही म्हणून आदळते'. हवा मोजायचा छोटा गेज खिशात ठेवा. कुठल्याही सायकलीवर याच्याइतका स्वस्त आणि याच्याइतका गुणकारी खर्च दुसरा नाही. अलॉय फ्रेम कडक आणि लोखंडी मऊ हा भेद, टायर दोन इंचांपेक्षा जाड झाला की बसल्या जागी फारसा उरत नाही.

शॉकअप जिंकतो ती जागाही आहे. दौलताबाद-खुलताबादच्या डोंगरात सुट्या दगडांवरून जोरात उतरायचं असेल, किंवा मनगटाचं जुनं दुखणं असेल, तर शॉकअपच घ्या. पण मग हवेवर चालणारा, सर्व्हिस होणारा चांगला घ्या आणि बजेट दुप्पट धरा. स्वस्त शॉकअप आणि महाग शॉकअप ही एकाच नावाची दोन वेगळी यंत्रं आहेत.

अलॉय सायकल आधीच घरात असेल तर ती विकायची घाई नको. तिला बिनशॉकअपचा चिमटा बसवता येतो. फक्त जुन्या शॉकअपची चाकाच्या एक्सलपासून वरच्या खांद्यापर्यंतची लांबी मोजा आणि स्वार बसल्यावर तो जितका दबतो तितकी वजा करून त्या मापाचा चिमटा शोधा. २० मिलिमीटरचा फरक पडला तर फ्रेमचा पुढचा, हॅण्डलच्या नळीचा कोन साधारण एक अंशाने बदलतो, आणि उतारावर सायकल लगेच वेगळी वागते. जुन्या लोखंडी फ्रेमला शॉकअप लावायची हौसही याच कारणाने टाळावी. तिचं माप आखूड चिमट्यासाठी आखलेलं असतं.

काळी माती

जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर काळ्या रानातून सायकल घातली की पाच मिनिटांत चाक फिरायचं थांबतं. माती टायरला लिंपत जाते आणि चिमट्याच्या खांद्याखाली अडकते. म्हणून फ्रेममध्ये किती जाड टायर मावतो यापेक्षा टायर बसवल्यावर बाजूला किती जागा उरते हे बघा. प्रत्येक बाजूला बोट सहज गेलं पाहिजे. नव्या क्रोमोली सायकलींमध्ये ही जागा भरपूर असते. जुन्या रेंजरमध्ये २.१२५ चा टायर बसतो खरा, पण पावसाळ्यात १.९५ चाच बरा.

ब्रेकचाही निकाल इथेच लागतो. रिमवर दाबणारे व्ही-ब्रेक साधे, सरळ आणि कुठेही दुरुस्त होणारे आहेत, पण चिखलात ते मातीसकट रिम घासून काढतात. केबलवर चालणारा डिस्क ब्रेक हा मला आपल्यासाठी सर्वांत शहाणा पर्याय वाटतो: चिखलापासून दूर, आणि केबल कुठल्याही गावात मिळते. तेलावरचा डिस्क ब्रेक हाताला लोण्यासारखा लागतो, पण लेव्हरमध्ये हवा शिरली तर किनवट किंवा परांड्यात ती काढून देणारा मिळेल याची खात्री नाही. जुन्या फ्रेमवर डिस्कचा कान वेल्ड करून घेण्याच्या फंदात पडू नका. चिमट्याची एक बाजू त्या जोरासाठी बनलेलीच नसते.

जुनी रेंजर उभी करायची तर

माझं मन या पर्यायात सगळ्यात जास्त रमतं, आणि इथेच पैसे वाया जाण्याचा धोकाही सगळ्यात मोठा आहे. म्हणून सामान मागवण्याआधी मापं घ्या.

पहिलं माप मागच्या दोन टोकांमधलं, जिथे चाकाचा एक्सल बसतो. साध्या एक्सलच्या, गिअरवाल्या एमटीबी चाकाला १३५ मिलिमीटर लागतात. फ्रेम १३० ची असेल तर लोखंड हाताने ताणून चाक बसतं, आणि लोखंडी असल्यामुळेच ते चालतं. अलॉयला असं ताणू नये. पण एकगिअरी जुन्या सायकलीत हे अंतर ११०-१२० असलं तर ताणाताणी सोडा. तिला एकच फ्रीव्हील ठेवा, पुढे-मागे दातांचं प्रमाण दोनास एकच्या आसपास ठेवा आणि लातूर-परभणीच्या सपाटीवर ती मजेत चालवा.

दुसरं माप बीबीचं, म्हणजे पेडलचा क्रँक ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या नळीचं. कॉटरचा (खिळीने अडकवलेला) जुना क्रँक काढून चौकोनी एक्सलची सीलबंद बीबी बसवली की सायकल नव्याने जन्मते. त्यासाठी नळी ६८ किंवा ७३ मिलिमीटर रुंद आणि इंग्लिश आट्यांची हवी. तिसरं सीटच्या नळीचं. लोखंडी फ्रेममध्ये ते २५.४ पासून २७.२ पर्यंत काहीही निघतं. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही सीट खाली सरकवतो. हे कॅलिपर लावून मोजा, अंदाजाने नको.

वेल्डिंगबद्दल एक कळकळीची सूचना. जुन्या भारतीय फ्रेमच्या नळ्या जाड, साध्या लोखंडाच्या असतात आणि बऱ्याचदा पितळाने जोडलेल्या असतात. गॅसवर पितळ लावणारा चांगला कारागीर त्या दुरुस्त करू शकतो. क्रोमोलीची नळी मध्यभागी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपर्यंत पातळ असते. ट्रॉलीची फाळकं जोडणाऱ्या वेल्डरचा दांडा तिला लागला की भोकच पडतं. तिला टिगवाला, म्हणजे बारीक टिग वेल्डिंग करणाराच हवा. आणि जालन्यात लोखंडाचे एवढे कारखाने आहेत म्हणून तिथे फ्रेमचं लोखंड मिळेल असं समजू नका. तिथे बांधकामाची सळई बनते; सायकलीची क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं वेगळंच मिश्रण.

मराठवाड्याचा खरा फायदा दुसरीकडे आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांमुळे संभाजीनगरात लेथवाले आणि पावडर कोटिंगवाले हाताशी आहेत. सीटपोस्टसाठी बुश, एक्सलसाठी स्पेसर असली बारीक कामं तिथे होऊन जातात. कोटिंगला देताना बीबीचे आटे आणि हॅण्डलच्या कपांच्या जागा झाकून घ्यायला आवर्जून सांगा. भट्टीतल्या १८०-२०० अंशांनी लोखंडी फ्रेमला काही होत नाही. कोटिंग झाल्यावर नळ्यांच्या आत जवसाचं तेल फिरवून वाळू द्या. ते सुकून पापुद्रा धरतं आणि आतून गंज रोखतं.

गंजाची भीती आपल्याकडे अवाजवी आहे. कोकणात पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात, आपल्याकडे सातशे-आठशे, तोही चार महिन्यांत. रंग उडालेल्या जागी रंगाचा हात फिरवत राहिलात तर फ्रेम तुमच्या मुलांच्या हातात जाईल.

पैसे कुठे आधी घालायचे

टायर आणि ट्यूब सगळ्यात आधी. वेडी बाभूळ आणि सराटे असलेल्या मुलखात ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) घातल्याशिवाय पाणंदीत जाऊ नये, आणि ४२ अंशांच्या उन्हात ते लवकर सुकतं म्हणून दर दोन महिन्यांनी बघत राहावं. ट्यूब मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हची घ्या: त्यात सीलंटही सहज जातं आणि हवा कुठल्याही टपरीवर भरता येते.

मग हॅण्डल. मागे वळलेला रुंद दांडा लावला की मनगटं सैल पडतात आणि पाठ उभी राहते. जुन्या वळणाच्या सायकलीला तो शोभतोही. मग गिअर. समोर एकच ३२ दाती चकती आणि मागे ११ ते ४२ ची नऊ गिअरची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच), एवढ्यात बालाघाटचा कुठलाही चढ सामानासकट चढता येतो. अंगठ्याने ओढायचा, खटके नसलेला शिफ्टर मिळाला तर घ्याच. केबल ताणली, डिरेलर (साखळी सरकवणारा भाग) थोडा वाकला, तरी गिअर पडत राहतो. चामडी सीट आणि तपकिरी कडेचे टायर शेवटी, पैसे उरले तर.

चाकाच्या मापाचा मुद्दा नव्या सायकलीत येतो. २६ इंची टायर तालुक्याला मिळतो. २७.५ साठी बहुधा ऑनलाइन मागवावं लागतं. २९ चं रिम आणि ७०० सी चं रिम एकाच ६२२ मिलिमीटर व्यासाचं असल्यामुळे अडचणीत हायब्रिड सायकलीचा टायर चढतो, रुंदी जुळली म्हणजे झालं.

नवी क्रोमोली घेताना फ्रेम वेगळी आणि सामान वेगळं मागवण्यापेक्षा तयार सायकल घ्या. सुटं सामान नेहमी महाग पडतं, आणि बदल सावकाश करता येतात. फक्त फ्रेमचं माप नंतर बदलता येत नाही. दुकानात बसून बघायची सोय नसली तर आत्ता ज्या सायकलीवर तुम्हाला बरं वाटतं तिची सीटपासून हॅण्डलपर्यंतची लांबी आणि बीबीपासून सीटची उंची लिहून घ्या, कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा, आणि दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान माप घ्या. सीट वर करता येते, हॅण्डल पुढे नेता येतं. मोठी फ्रेम कापून लहान होत नाही.